कोर्दोबा : जुन्या खांबांवर उभे राहिलेले शहर

श्रोतेहो, स्पेनच्या दक्षिणेस अंदालुसियात, ग्वादालकिवीर नदीच्या उजव्या तीरावर वसलेल्या कोर्दोबा शहराविषयी आज बोलायचे आहे. रोमन काळात हे बेटिका प्रांताचे मुख्य ठिकाण होते आणि तत्त्वज्ञ सेनेका येथेच जन्मला. परंतु शहराची खरी कीर्ती झाली ती आठव्या ते दहाव्या शतकांत, ज्यांना युरोपात सरसकट ‘मूर’ म्हटले गेले त्या मुस्लिम राज्यकर्त्यांच्या अमदानीत. त्या कीर्तीचे मर्म मला तिथल्या मोठ्या मशिदीच्या बांधणीत दिसते, म्हणून मी मुख्यतः तिच्याविषयीच बोलणार आहे.

750 साली अब्बासी या प्रतिस्पर्धी मुस्लिम घराण्याने दमास्कसच्या उमय्या घराण्याचा पाडाव करून त्या कुळाची कत्तल केली, तेव्हा निसटलेला तरुण राजपुत्र अब्दुर्रहमान उत्तर आफ्रिकेतून लपतछपत स्पेनमध्ये आला आणि 756 मध्ये त्याने कोर्दोबात स्वतंत्र अमिरात स्थापन केली. 785 च्या सुमारास त्याने मशीद बांधायला घेतली. त्याच्या कारागिरांपुढे रोमन आणि व्हिसिगॉथ (रोमनांनंतर स्पेनवर राज्य करणारे जर्मानिक लोक) इमारतींतून काढलेले खांब तयार होते, पण ते निरनिराळ्या रंगांचे, कमीअधिक लांबीचे आणि एवढ्या विस्तीर्ण दालनाच्या छताला न पुरणारे, आखूड होते. यावर त्यांनी काढलेला तोडगा वास्तुकलेच्या इतिहासात अपूर्व मानावा लागेल. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर त्यांनी दगडी चौकोनी स्तंभ चढवला; दोन खांबांमध्ये खाली नालाकृती कमान टाकली आणि तिच्यावर मोकळी जागा सोडून दुसरी, अर्धवर्तुळाकार कमान उभारली. छताचा भार वरची कमान घेते, तर खालची कमान खांबांना एकमेकांशी बांधून ठेवते. कमानींत लाल विटा आणि फिकट दगड आलटूनपालटून बसवले आहेत. स्पेनमधल्याच मेरिदा येथील रोमन जलसेतूतही कमानींवर कमानी आणि वीट-दगडांचे असेच थर दिसतात, त्यामुळे कल्पनेचे मूळ तिथे असावे असे काही अभ्यासक म्हणतात आणि मला ते पटते.

पुढच्या दोनशे वर्षांत वस्ती वाढत गेली तशी मशीदही वाढवण्यात आली. नवव्या शतकात दुसऱ्या अब्दुर्रहमानने ती दक्षिणेकडे नदीच्या दिशेने लांबवली. 929 मध्ये तिसऱ्या अब्दुर्रहमानने स्वतःला खलिफा घोषित केले आणि शहराच्या पश्चिमेस सुमारे आठ किलोमीटरांवर मदीनत अल-झहरा ही राजनगरी वसवली. यादवीत ती शंभर वर्षांच्या आतच उद्ध्वस्त झाली आणि 1911 पासून तिचे उत्खनन चालू आहे. तिसऱ्या अब्दुर्रहमानचा पुत्र दुसरा अल-हकम हा ग्रंथांचा विलक्षण लोभी होता. त्याने मशिदीत केलेली भर सर्वांत देखणी आहे. एकमेकींत गुंतलेल्या पाकळीदार कमानी, फासळ्यांचे घुमट आणि सोनेरी मोझेकने मढवलेली मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा, असे तिचे रूप आहे. मोझेकच्या कामासाठी बायझंटाईन सम्राटाने कारागीर व साहित्य पाठवले होते. याच अल-हकमने आधीच्या मेहराबीचे चार छोटे खांब जपून काढून आपल्या नव्या मेहराबीत बसवले, ही गोष्ट मला मोझेकइतकीच मोलाची वाटते. 987 च्या सुमारास खिलाफतीचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा वजीर अल-मन्सूर याने शेवटची वाढ केली, पण दक्षिणेला नदी आणि पश्चिमेला राजवाडा असल्याने त्याला पूर्वेकडे वळावे लागले. त्यामुळे मेहराब इमारतीच्या मध्यावर राहिली नाही. त्याच्या भागातील कमानींत विटाही नाहीत, दगडावरच लाल रंग दिलेला आहे.

1031 मध्ये खिलाफत संपली. बाराव्या शतकात इब्न रुश्द आणि मैमोनिडीस हे दोन थोर विचारवंत याच शहरात जन्मले, हे मात्र विसरून चालणार नाही. 1236 मध्ये कॅस्टील या ख्रिस्ती राज्याचा राजा तिसरा फर्डिनांड याने शहर जिंकले आणि मशिदीचे चर्च झाले. यहुदी वस्तीतील 1315 चे छोटे सिनेगॉग याच ख्रिस्ती राजवटीतले असून त्याच्या भिंतींवर मात्र मुस्लिम धाटणीचे गचकाम आणि हिब्रू अक्षरे एकत्र नांदतात. 1492 मध्ये यहुद्यांना देशाबाहेर घालवल्यावर ते इस्पितळ म्हणून वापरात आले.

1523 मध्ये बिशप आलोन्सो मान्रिके यांनी मशिदीच्या मधोमध भव्य कॅथेड्रल बांधायचे ठरवले, तेव्हा विरोध केला तो ख्रिस्ती नगरसभेनेच. जुने बांधकाम पाडायला हात लावणाऱ्या कारागिरांना मृत्युदंडाची धमकी देणारा हुकूम तिने काढला होता. अखेर सम्राट पाचव्या चार्ल्सने परवानगी दिली. पुढे ते काम पाहून त्याने जाहीर खंत व्यक्त केल्याची कथा सांगितली जाते, पण संमती त्याचीच होती, हे नजरेआड करता येत नाही. कमानींच्या शांत ओळींमधून एकाएकी उसळणारे ते उंच कॅथेड्रल मला आजही खुपते. तरीही अंदालुसियातल्याच सेव्हिल्या शहराकडे पाहिले पाहिजे. तिथे पंधराव्या शतकात नव्या कॅथेड्रलसाठी जुनी मशीद जवळजवळ सबंध पाडली गेली आणि तिचा मिनार व अंगण एवढेच मुख्यतः उरले. कोर्दोबात साडेआठशे खांब अजून उभे आहेत, आणि त्याचे बरेचसे श्रेय त्या नगरसभेच्या विरोधाला नसले, तरी इमारत सतत वापरात राहिली या गोष्टीला निश्चितच आहे.