निवेदकाची खुर्ची उचला

मंडळी, गेल्या नवरात्रात आमच्या वस्तीत लोकसंगीताचा कार्यक्रम केला. गाणी छान बसवली होती. दोन गाण्यांच्या मधे निवेदक उभा राहायचा, खिशातून कागद काढायचा आणि गाण्यामागची गोष्ट वाचायचा. तिसऱ्या खेपेला पुढच्या रांगेतल्या बाया उठून चहाला गेल्या. संबळाचा ठोका पडला तशा परत आल्या. पोराने वाचलं चांगलंच होतं. आम्ही गाणं एकाला दिलं आणि गोष्ट दुसऱ्याला, तिथे चुकलो.

देवीच्या गोंधळात अशी वाटणी नसते. गोंधळी कदमराई असोत की रेणुराई, म्हणजे तुळजाभवानीचे की माहूरच्या रेणुकेचे, रात्र चढत जाते ती एकाच ओघात. आधी गण, मग एकेका देवाला 'गोंधळाला या' म्हणून हाक, आणि त्यानंतर आख्यान. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, एक ओळ गातो, मधेच बोलायला लागतो. साथीदार अडवतो, 'कोण म्हणालं असं?' त्याचं उत्तर देता देता नाईक पुन्हा गाण्यात शिरतो. प्रेक्षकाच्या मनातला प्रश्न साथीदार विचारतो, म्हणून माणसं पहाटेपर्यंत बसून राहतात.

यंदा आम्ही जांभूळ आख्यान घेतलंय. शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर गाजवलं, तुमच्यातल्या कित्येकांनी पाहिलं असेल. त्याची रूपं अनेक आहेत. आमच्या रूपात पांडव वनात आहेत, झाडाचं जांभूळ तुटलंय, आणि ते पुन्हा देठाला लागायचं तर प्रत्येकाने मनातलं खरं सांगायचं. एकेक जण बोलतो तसं जांभूळ वर चढतं. द्रौपदीपाशी येऊन अडतं. कर्णावर मन गेलं होतं, हे तिला नवऱ्यांसमोर सांगायचंय.

ती कबुली आधी आम्ही गाऊन पाहिली. सूर गोड लागला, पण तिची लाज कुठे दिसेना. मग संबळ थांबवलं, नुसतं तुणतुणं चालू ठेवलं आणि गाणारीने ते वाक्य खालच्या आवाजात बोलून टाकलं. तालमीची खोली गप्प झाली. कुठे गायचं आणि कुठे बोलायचं, हे असं एकेका वाक्याशी झगडूनच ठरतं.

आणखी एक, कळकळीने सांगतो. ज्यांच्या घरात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांना शिकवायला बोलवा, मानधन आधी ठरवा, आणि दहा मिनिटांत आटपा असं त्यांना सांगू नका. गोंधळ हा कुलाचार आहे, लग्नानंतर घरोघरी घातला जातो. मंचावर आणताना त्यातलं काय घ्यायचं आणि काय देव्हाऱ्यापाशीच ठेवायचं, हे त्यांनाच विचारा.

गेल्या वर्षीच्या निवेदकाच्या हाती यंदा तुणतुणं आहे, साथीदार म्हणून. परवा तालमीत द्रौपदीचं बोलून झालं आणि त्याने विचारलं, 'अहो नाईक, हे कर्णाला कधी कळलं का?' हे संहितेत नव्हतं. आम्ही ते ठेवलंय.