निंबोळी कुटायची कोणी?

मंडळी, कृषी सहायक म्हणून मी बरीच वर्षं वांग्यावर बोललो. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी हा माझा हातखंडा विषय. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सकाळी अकराला वर्ग, समोर तीस-चाळीस पुरुष, भिंतीशी पाच-सहा बाया. फोटो काढताना तेवढं त्यांना पुढे बसवायचं. अहवालात ‘महिला सहभाग’ असा रकाना असतो, तो रिकामा ठेवून चालत नाही.

एकदा वर्ग आटोपून परत निघालो होतो. रस्त्याकडेच्या वांग्यात एक ताई खुरपत होत्या. त्यांचे मालक सकाळी माझ्यासमोर पहिल्या रांगेत होते. खुरपता खुरपता ताई मान टाकलेला शेंडा दिसला की नखानं खुडत होत्या. मी खूश! विचारलं, “हे कुणी शिकवलं?”

“त्यात शिकवायचं काय? आत किडा असतो, दिसतंय की.”

आणि खुडलेला शेंडा टाकला तिथेच, सरीत.

आता गंमत बघा. शेंडा खुडायचा हे बाईला माहीत. सरीत टाकला तर अळी बाहेर पडते, पालापाचोळ्यात कोष करते आणि पतंग होऊन त्याच वांग्यावर परत येते. म्हणून शेंडा पिशवीत गोळा करून रानाबाहेर नेऊन नष्ट करायचा, हे नवऱ्याला माहीत. सकाळीच मी सांगितलं होतं. पण नवरा काही खुरपायला जात नाही, आणि ‘आज काय शिकलो’ हे घरी जाऊन बायकोला सांगायची आपल्याकडे पद्धत नाही. निम्मं ज्ञान इकडे, निम्मं तिकडे, अळी मजेत.

भाजीपाल्यात हे फार महागात पडतं, कारण इथे हाताचं काम संपतच नाही. भेंडी दिवसाआड तोडायची, गवार बसून तोडायची, टोमॅटो सुतळीनं बांधायचा, क्रेट भरताना प्रतवारी करायची. पिकाजवळ सर्वांत जास्त वेळ ज्याचे डोळे असतात, त्याला आपण वर्गाला बोलावत नाही.

फवारणीचंच घ्या. ते पुरुषाचं काम, असं आपण म्हणतो. पंपात पाणी ओतून देतं कोण? फवारलेला सदरा धुतं कोण, तोही पोरांच्या कपड्यांत? त्याच टोमॅटोत दुसऱ्या दिवशी बांधणीला कोण शिरतं? हातमोजे, चष्मा, अति विषारी औषधाची खूण म्हणून डब्यावर असणारा लाल त्रिकोण, सगळं मी पुरुषांना शिकवलं. बादलीपाशी बसलेल्या बाईला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

मग मी सुधारलो, म्हणजे मला तसं वाटलं. खास महिलांची शेतीशाळा घेतली. विषारी औषधं कमी व्हावीत म्हणून पाच टक्के निंबोळी अर्क: १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळ्या. वेचायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या. प्रात्यक्षिक झकास झालं. एक आजी म्हणाल्या, “साहेब, औषधाची बाटली आणायला मालक जायचे. ह्ये कुटायचं कुणी?”

मला उत्तर देता आलं नाही. अर्क चांगलाच आहे, आजही सांगतो. पण चार वाजता उठणाऱ्या बाईच्या दिवसात मी आणखी एक काम घातलं आणि त्याला प्रशिक्षण म्हटलं.

यावर तोडगा केनियात निघालेला मी पाहिला. कागदावर हं, तिकडे गेलो नाही. २००६ साली तिथल्या कृषी खात्यानं जपानच्या जायका संस्थेच्या मदतीनं छोट्या भाजी उत्पादकांसाठी एक प्रकल्प सुरू केला. आधी पिकवा आणि मग गिऱ्हाईक शोधा, हे त्यांनी उलटं केलं. शेतकरी गटांनीच आधी बाजारात जाऊन काय खपतं, काय दरानं खपतं हे विचारून यायचं. गटातून एक बाई आणि एक पुरुष, दोघांनी जायचं. दिवसभर कोण काय करतं याचा तक्ताही दोघांनी मिळून मांडायचा. नवरा मालक आणि बायको मजूर, त्याऐवजी धंद्यातले दोन भागीदार, असं त्यांचं म्हणणं.

आपल्याकडे आठवडी बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला भाव तोंडपाठ असतो. पण माल बाजार समितीत गेला की पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, नवऱ्याच्या नावानं येते. हमाली किती कापली, तिला कळत नाही.

आणि जमीन? २०१५-१६च्या कृषी गणनेत महिलांकडची वहिवाट देशभरात जेमतेम १४ टक्के खात्यांवर होती. आमच्या हजेरीपटात जमिनीच्या गट नंबरचा रकाना असे. बाई तिथे थबकायची आणि मागे वळून विचारायची. आपल्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं असंही नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ला चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. पुढे संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगाव पुरुषांनी बायकांच्या नावे जमिनी केल्या, आणि १९९१ला शेगावला ‘सीताशेती’, म्हणजे बायकांनी स्वतः करायची शेती, मांडली गेली. पण आमच्या निमंत्रणपत्रिका निघत राहिल्या सातबाऱ्यावरच्या नावांना.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी जोडप्यांना बोलवायला लागलो. पहिल्यांदा पार फसलं. नवरा शेजारी, सासरे मागे; बायका पदर सावरून गप्प. मग आधी तासभर वेगळं बसवायचं आणि नंतर एकत्र वांग्यात न्यायचं, असं ठरलं. वेळ ठरवली त्या खुरपणाऱ्या ताईंनीच: बाजाराचा वार सोडून, दुपारी दोन ते साडेतीन, हॉल नको, बांधावरच. मालक पिशवी घेऊन मागे चालायचे, ताई शेंडे खुडून पिशवीत टाकायच्या. तिसऱ्या आठवड्यात मालकांनी स्वतःच एक शेंडा खुडला. तो चांगला निघाला, पोखरलेला नव्हताच. ताई त्यांना काय म्हणाल्या, ते इथे सांगत नाही.