भोळ्या भावाची पटकथा

मित्रहो, जाहीर झालेला विषय आहे ‘एक भोळा भाऊ, तीन बहिणी’. बहिणींकडे येतोच, पण आधी भाजीच्या स्टॉलपाशी थांबू. ‘अवर इडियट ब्रदर’ची सगळी किल्ली तिथे आहे.

२०११ चा सिनेमा. दिग्दर्शक जेसी पेरेट्झ; लिहिणारी त्याची बहीण इव्हजेनिया आणि तिचा नवरा डेव्हिड शिसगॉल. म्हणजे बहिणीने भावाला दिलेली भावाची गोष्ट, आणि नाव असं! असो. पॉल रड या नटाने रंगवलेला नेड, म्हणजे तो भोळा भाऊ, बाजारात भाजी विकतोय. गणवेशातला पोलीस येतो आणि गांजा मागतो.

इथे कच्चा लेखक काय करील? नेडला गणवेश दिसलाच नाही, असं दाखवील. मग तो मंद ठरतो, आणि मंद माणसाला फसवलेलं बघून चीड येते, हसू नाही. इथे नेडला गणवेश स्वच्छ दिसतो. तो चक्रावतो, मागे सरतो. पोलीस म्हणतो, आठवडा फार वाईट गेलाय. झालं! गडी विरघळतो, माल काढून देतो आणि थेट तुरुंगात. आधी शंका, मग दया, मग व्यवहार. शंका गाळलीत तर पात्र मूर्ख; दयेचं कारण गाळलंत तर लेखक मूर्ख. हसू नका, लिहून घ्या.

आपल्याकडे भोळा भाऊ म्हटला की आखूड पँट, तोतरं बोलणं आणि मागून पिपाणी. नट पहिल्याच मिनिटाला जाहीर करतो की मी बावळट आहे. मग उरलेले दोन तास करायचं काय? पॉल रड आवाज चढवत नाही, तोंड वाकडं करत नाही. भुयारी रेल्वेत नोटा मोजताना मध्येच त्या शेजारच्या अनोळखी माणसाला धरायला देतो, तेही अगदी ‘जरा पिशवी धरता का’ इतक्या सहज. पॅरोलच्या साहेबाला तर तो आपला समुपदेशकच समजतो आणि पुन्हा गांजा ओढल्याचं मोकळेपणाने सांगून टाकतो...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि बहिणी तशाच उभ्या!

तर भराभर. सुटल्यावर नेड आळीपाळीने बहिणींकडे राहतो. लिझचा नवरा माहितीपट काढणारा. तो नर्तकीबरोबर नागडा सापडतो आणि सांगतो, मुलाखतीत तिला मोकळं वाटावं म्हणून. नेडला पटतं, तो हे दुसऱ्या बहिणींना सहज बोलतो, त्यांना बरोबर कळतं. मिरांडा पत्रकार, तिला हवा तो मजकूर एका बाईने नेडला विश्वासाने सांगितलेला असतो, आणि तो छापायला नेड दुजोरा देत नाही. तिसरी नॅटली. आपण फसवलं हे तिने जोडीदारणीला सांगून टाकलंय असं समजून नेड त्या जोडीदारणीपुढेच विषय काढतो. गुपित फोडायचा हेतू एकदाही नाही. प्रेक्षकाला मात्र प्रत्येक वेळी नेडच्या आधी कळलेलं असतं. ते चुकलं तर नुसतं भांडण उरतं.

धोकाही यातच आहे. तीनदा तीच कळ दाबली की सांगाडा दिसू लागतो. मधला भाग साचेबंद वाटतो तो त्यामुळे. म्हणून तो मूकाभिनयाच्या खेळाचा प्रसंग हवाच होता: बहिणी एकमेकींवर तुटून पडतात आणि सदा हसरा नेड एकदाच, जोरात ओरडतो. हा प्रसंग पहिल्या अर्ध्या तासात घातला असता तर फुकट गेला असता. दुसरी चिठ्ठी आली. बाकीचं चहाच्या वेळी विचारा.