मुळीभोवतीची पंगत

मंडळी, बोलायला लागण्याआधी ही बादली पुढे घेतो. यात सोयाबीनचं चाळीसेक दिवसांचं झाड आहे. सकाळी तुमच्याच शिवारातून काढलं, पण उपटलं नाही. उपटलं की जे दाखवायचं तेच मातीत राहतं. वीतभर अंतरावरून कुदळ मारायची, ढेकळासकट झाड उचलायचं आणि तासभर पाण्यात ठेवायचं. माती आपसूक सुटते.

या बघा गाठी. काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही मुगाएवढ्या. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "सर, हा रोग तर नाही ना?" शंका रास्त आहे, कारण सूत्रकृमीनेही मुळावर गाठी येतात. पण त्यात मूळच सुजलेलं असतं, गाठ वेगळी निघत नाही. ही बघा, बोटाने ढकलली आणि सुटली. आता नखाने फोडतो. मागच्यांना दिसतंय का? आतून गुलाबी, जवळजवळ लाल. तुमच्या-माझ्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हे भावंड आहे. गाठीतल्या जिवाणूंना श्वासाला ऑक्सिजन लागतो, पण हवेतला नत्र पकडणारं त्यांचं विकर मात्र ऑक्सिजन लागला की निकामी होतं. म्हणून हा लाल पदार्थ ऑक्सिजन धरून ठेवतो आणि मोजून-मापून वाटतो. गाठ आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर तिथे काम चालू नाही असं समजा. शेंगा भरत आल्यावर रंग उतरतो, तेव्हा मात्र घाबरायचं कारण नाही.

हवेत ७८ टक्के नत्र आहे. तोच कारखान्यात खतासाठी पकडायचा तर चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. ही गाठ तेच काम तुमच्या वाफशाच्या मातीत करते. फुकट करत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. झाड तिला साखर देतं.

या देण्याघेण्यावरच मला आज बोलायचंय. पानं दिवसभर साखर बनवतात आणि तिच्यातला बराचसा वाटा पांढरी मुळी मातीत सोडते. पिकागणिक, वयागणिक तो बदलतो. साखर, आम्लं, मेलेल्या पेशी, मुळाच्या टोकाचा बुळबुळीत चीक, सगळंच. म्हणून मुळीला चिकटलेल्या मातीच्या पातळ थरात बाकीच्या मातीपेक्षा कितीतरी पट जास्त जिवाणू असतात. लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली या थराला 'रायझोस्फिअर' असं नाव दिलं. मी त्याला पंगत म्हणतो. यजमान झाड, आणि आमंत्रणंही तेच धाडतं. सोयाबीनचं मूळ विशिष्ट रसायनं सोडतं, ती ओळखून योग्य जिवाणू उत्तर पाठवतो, मग मुळाचा केस आकड्यासारखा वळून त्याला आत घेतो. हरभऱ्याचा जिवाणू या दारात आला तर ओळख पटत नाही. म्हणून बियाण्याला लावायच्या जिवाणूंचं पाकीट घेताना त्यावर पिकाचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि आमंत्रण बंदही होतं. जमिनीत युरिया भरपूर असला की झाड कशाला साखर खर्च करील? गाठी कमी येतात. पेरणीबरोबर थोडं नत्र द्यायला हरकत नाही, कारण गाठी कामाला लागेपर्यंत तीनेक आठवडे जातात. पण पीक पिवळं दिसलं की पोतं फोडायचं, ही सवय महाग पडते. आधी एक झाड खणून बघा.

माझी फजिती सांगतो. नोकरीला लागलो त्या वर्षी थोरल्या भावाच्या रानात पहिल्यांदाच सोयाबीन होतं. मी मोठ्या तोऱ्यात जिवाणूंची पाकिटं नेली. वाटेत पाहुण्यांकडे थांबलो आणि पिशवी दुपारभर स्कूटरच्या डिकीत, उन्हात. पुढे महिन्याभराने झाडं खणली तर मुळं नुसती धुतलेल्या सुतळीसारखी. दादा म्हणाला, "तुझं औषध जुनं दिसतंय." औषध नव्हतंच ते, मंडळी. काळ्या भुकटीत जिवंत जीव होते आणि ते मी शिजवले.

स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, थोडक्यात सांगतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत टाकलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं आणि जागचं हलत नाही. मुळी आपल्या आसपासचं संपवते आणि अडून बसते. तिथे मायकोरायझा नावाची बुरशी केसाहून बारीक धागे पुढे पसरते आणि स्फुरद आणून देते. कोबी, मोहरी यांचं मात्र तिच्याशी जमत नाही.

आता आगंतुक. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी याच साखरेच्या वासावर येते. मुळीभोवतीच्या जागा भल्या जिवाणूंनी आणि ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीने आधीच धरल्या असतील तर तिला पाट मिळणं अवघड. ट्रायकोडर्मा तर तिच्या धाग्यांना विळखा घालून तिलाच खातो. पण मर लागून झाड वाळल्यावर बुडाशी द्रावण ओतून, म्हणजे आळवणी घालून, ते हिरवं होईल, असं कोणी सांगितलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न आलाय: बुरशीनाशक आणि जिवाणू दोन्ही लावायचे तर क्रम काय? आधी बुरशीनाशक, कीटकनाशक असेल तर त्यानंतर, आणि जिवाणू सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. गूळ गरम पाण्यात विरघळवला असेल तर आधी निवू द्या. सोयाबीनची साल नाजूक, रगडू नका, हलक्या हाताने वरखाली करा आणि सावलीत पोत्यावर पसरा.

बादली इथेच ठेवतोय. पुढे या, एकेक गाठ फोडून बघा.