दोस्तीचा हप्ता

श्रोतेहो, नमस्कार.

1965च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात एक सोडत निघाली. लॉटरीच्या पिंपात गोट्या, प्रत्येक गोटीवर आकडा आणि प्रत्येक आकडा म्हणजे एक जन्मतारीख. ज्याची तारीख निघेल त्या वीस वर्षांच्या मुलानं दोन वर्षं लष्करात जायचं. मतदानाचं वय तेव्हा 21 होतं. म्हणजे बंदूक हातात येणार, पण ती कुणावर रोखायची हे ठरवणाऱ्या सरकारला पाडायचं म्हटलं, तर मत नाही!

पुढच्याच महिन्यात, 29 एप्रिलला, पंतप्रधान रॉबर्ट मेन्झीस यांनी संसदेत जाहीर केलं की अमेरिका जिथं साम्यवाद्यांशी लढत होती त्या व्हिएतनामला ऑस्ट्रेलिया एक बटालियन पाठवणार. दक्षिण व्हिएतनामनं मदत मागितली आहे, असं त्यांनी सांगितलं. खरं म्हणजे निर्णय तीन आठवडे आधीच झाला होता. मागणीचं पत्र हातात असावं म्हणून दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगावमध्ये, असलेल्या ऑस्ट्रेलियन राजदूतांना शेवटच्या घटकेपर्यंत खटपट करावी लागली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मग एवढी घाई कशासाठी? याचं उत्तर सायगावात नाही, वॉशिंग्टनमध्ये आहे. 1942 साली सिंगापूर पडलं, जपानी विमानांनी डार्विनवर बॉम्ब टाकले आणि ब्रिटन आपल्याला वाचवू शकत नाही हे ऑस्ट्रेलियाला कळून चुकलं. त्यानंतर भिस्त अमेरिकेवर. 1951 साली अँझस करार झाला, म्हणजे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका यांचा संरक्षण करार. पण त्या कराराची भाषा मोघम. वेळ आली तर अमेरिका धावून येईलच, याची हमी त्यात नव्हती. म्हणून हा विम्याचा हप्ता: आज आम्ही तुमच्या युद्धात येतो, उद्या तुम्ही आमच्या मदतीला या. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, की हे लोकांना तेव्हा पटलं होतं. मेन्झीस यांच्यानंतर आलेले हॅरल्ड होल्ट व्हाइट हाउसमध्ये जाऊन ‘एल.बी.जें.च्या बरोबर, शेवटपर्यंत’ अशी घोषणा देऊन आले. एल.बी.जे. म्हणजे अध्यक्ष जॉन्सन. ऑक्टोबर 1966मध्ये जॉन्सन स्वतः ऑस्ट्रेलियात आले, तेव्हा मेलबर्नला त्यांच्या गाडीवर रंग फेकला गेला खरा, पण पुढच्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत होल्ट दणक्यात जिंकले.

लढाई कशी होती? दक्षिण व्हिएतनामच्या फुओक तुय प्रांतात लाँग तान नावाची जागा आहे, रबराच्या झाडांची लागवड. 18 ऑगस्ट 1966च्या दुपारी धो धो पावसात 108 जणांची एक ऑस्ट्रेलियन तुकडी तिथं कितीतरी मोठ्या फौजेशी भिडली. अठरा मेले. त्यातले अकरा सोडतीतून आलेले होते.

त्याहून जास्त बोलकी गोष्ट मला सुरुंगांची वाटते. 1967 साली ऑस्ट्रेलियन सैन्यानं त्याच प्रांतातल्या दात दो गावापासून समुद्रापर्यंत सुमारे 11 किलोमीटरचा पट्टा तारांनी बंद करून त्यात वीस हजारांवर सुरुंग पेरले. गनिमांची गावांकडे जाणारी वाट अडवायची, हा हेतू. पण पेरलेल्या सुरुंगांवर रात्रंदिवस पहारा लागतो आणि तो कुणी नीट ठेवलाच नाही. गनीम रात्री पोटावर सरपटत यायचे, हातानं माती चाचपत सुरुंग शोधायचे आणि अलगद वर काढून घेऊन जायचे. काही जण त्यातच मेले, पण हजारो सुरुंग पळवले गेले. पुढची काही वर्षं तेच सुरुंग ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या पायांखाली फुटत राहिले.

घरी वारं फिरत गेलं. ‘आमची मुलं वाचवा’ म्हणत सिडनी-मेलबर्नच्या आया फलक घेऊन भरती केंद्रांबाहेर उभ्या राहिल्या. 1971 साली त्यातल्या पाच जणींना मेलबर्नमध्ये तुरुंगात टाकलं. त्याआधी, 8 मे 1970ला, युद्धाविरोधी मोर्चात खासदार जिम केर्न्स यांच्यामागे मेलबर्नचे रस्ते माणसांनी भरून गेले होते. एव्हाना मेलेल्यांची मोजदाद पाचशेकडे चालली होती.

आणि हप्ता भरून मिळालं काय? जुलै 1969मध्ये नवे अध्यक्ष निक्सन गुआम बेटावर म्हणाले, यापुढे आशियातल्या दोस्तांनी आपल्या रक्षणाचा भार मुख्यतः स्वतः उचलावा. दोन वर्षांनी तर कमालच झाली. विरोधी पक्षनेते गॉफ व्हिटलॅम चीनला जाऊन तिथले पंतप्रधान चाऊ एन-लाय यांना भेटले, म्हणून पंतप्रधान मॅकमहन यांनी त्यांची जाहीर टर उडवली. तीनच दिवसांनी निक्सन यांनी सांगून टाकलं, की मी स्वतः चीनला जाणार आहे. मॅकमहन टर उडवत होते तेव्हा निक्सन यांचे सल्लागार किसिंजर बीजिंगची गुप्त भेट आटोपून निघालेही होते. दोस्ताला याचा पत्ताच नव्हता!

डिसेंबर 1972मध्ये व्हिटलॅम निवडून आले. चार दिवसांत सक्तीची भरती बंद, आणि भरतीला नकार दिला म्हणून तुरुंगात असलेली मुलं बाहेर. निक्सन चिडले, बोलणं तुटेपर्यंत पाळी आली. पण अँझस करार मोडला नाही. ब्रिटननं तर या युद्धात सैन्य पाठवलंच नव्हतं आणि कॅनडानंही नाही. ते दोघंही अमेरिकेचे दोस्तच राहिले.

नमस्कार.