तांबट आळीतला हंडा

पुण्याच्या तांबट आळीत तांब्याचा पातळ पत्रा सपाट असताना हाताने सहज वाकवता येतो. त्याच पत्र्याचा हंडा घडला, की तो काठोकाठ भरून उचलला तरी आकार सोडत नाही. मठारकामातल्या हातोडीच्या घावांनी तांबे कठीण होते हे खरे, पण या बळकटीचे मोठे श्रेय पत्र्याला आलेल्या वक्रतेचे आहे. सपाट पत्रा भार पेलतो तो वाकून, तर वक्र कवच तोच भार आपल्या पृष्ठातल्या ताणात आणि दाबात वाटून घेते. जाडी निम्मी केली तर ताणाला होणारा विरोध निम्मा उरतो, वाकण्याला होणारा मात्र अवघा एक अष्टमांश.

काठाशी आणि बुडाच्या वळणाशी कवचाला वाकावेच लागते. वाकण्याचा हा पट्टा किती रुंद असेल, ते त्रिज्या आणि जाडी यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावरून कळते. त्रिज्या १५० मिलिमीटर आणि जाडी १ मिलिमीटर धरली, तर ते वर्गमूळ सुमारे १२ मिलिमीटर येते. म्हणून या हंड्याचा फायनाइट एलिमेंट पद्धतीने संगणकावर नमुना करताना, म्हणजे त्याचे पृष्ठ लहान लहान घटकांच्या जाळीत विभागताना, काठाजवळचे घटक दोन-तीन मिलिमीटरांहून मोठे नकोत.

भरड जाळीहून फसवा दोष ‘लॉकिंग’चा. साध्या घटकांना वाकण्याचा आकार नीट घेता येत नाही. नुसते वाकायचे असते तिथे ते गणितात खोटा ताण आणतात, आणि पातळ कवचात ताणाचा विरोध वाकण्याच्या विरोधापेक्षा कितीतरी मोठा असल्यामुळे नमुना खऱ्या हंड्याहून ताठ ठरतो. आलेख सुबक दिसतो, आकडे मात्र चुकलेले असतात. म्हणूनच जाळी टप्प्याटप्प्याने बारीक करत उत्तर कुठे स्थिरावते ते पाहावे लागते, आणि हे काम कंटाळवाणे असले तरी टाळण्याजोगे नाही.

पोचा पडण्याचा प्रश्न याहूनही अवघड आहे. उभ्या दाबाखालचे पातळ नळकांडे सिद्धांताने सांगितलेल्या भाराच्या बरेच आधी कोसळते, हे प्रयोगांत वारंवार दिसत होते. डच अभियंते वॉर्नर कोइटर यांनी १९४५च्या प्रबंधात त्याचे कारण मांडले: पृष्ठातली जाडीइतकी लहान खोटसुद्धा सहनशक्ती निम्म्याहून खाली आणू शकते. हाताने घडवलेल्या हंड्यावर दाब देऊन त्याला केव्हा पोचा पडेल हे सांगायचे, तर नमुन्यात रेखीव गोलाई घेऊन चालणार नाही. प्रत्यक्ष पृष्ठ मोजून, हातोडीने उठवलेल्या उंचसखलपणासह ते जाळीत उतरवावे लागेल.