इंजिन अचानक बसलं आणि वॉरंटी नाकारली? इंजिन खोलण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी.

गाडी नेहमीच्या वेगात चाललीय. अचानक बॉनेटखालून खडखड सुरू होते, लाल दिवा लागतो आणि इंजिन बंद. पुन्हा चालू होत नाही. गाडी टो होऊन सर्व्हिस सेंटरला जाते. घरी सगळे म्हणतात, काळजी कशाला, वॉरंटीत आहे ना! आणि मग काही दिवसांनी फोन येतो: "सर, हे वॉरंटीत बसत नाही. मेंटेनन्सचा प्रॉब्लेम आहे."

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वॉरंटी शिल्लक आहे की नाही, यावर सहसा वाद होत नाही. तारीख आणि किलोमीटर बघितले की ते लगेच कळतं. वाद होतो तो कारणावरून. इंजिन कारखान्यातल्या दोषामुळे गेलं की तुमच्या वापरामुळे? आणि त्या कारणाचा पुरावा इंजिनच्या आतच असतो. इंजिन खोललं, भाग डिझेलने धुतले, ऑइल टाकाऊ ड्रममध्ये ओतलं, की पुरावा गेला. मग उरतं फक्त त्यांचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं. म्हणून हा व्हिडिओ मुख्यतः एका टप्प्याबद्दल आहे: इंजिन बंद पडल्यापासून ते खोलेपर्यंतचा टप्पा.

[हातात बेअरिंगची पट्टी, कॅमेऱ्याजवळ]

ही बघा. अर्धगोल, पातळ पट्टी. कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचं बेअरिंग. अशा दोन पट्ट्या मिळून क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला कवेत घेतात. पाठ पोलादाची असते आणि आतल्या बाजूला मऊ धातूचा थर. पट्टी आणि शाफ्ट यांच्यात साध्या डोळ्यांना दिसणार नाही एवढी फट असते आणि त्या फटीत ऑइल दाबाने येतं. शाफ्ट धातूवर टेकतच नाही, ऑइलच्या थरावर तरंगतो. इंजिन ३००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर शाफ्ट सेकंदाला ५० फेरे घेतो. दाब गेला की धातू धातूवर घासायला किती कमी वेळ लागतो, याचा अंदाज करा.

ही पट्टी बोलते. बहुतेक सगळी बेअरिंग निळी-काळी पडली असतील, तर ऑइल किंवा ऑइलचा दाब कमी पडला होता. आतल्या थरावर गोल फिरलेले ओरखडे असतील, त्यात चमचमते कण रुतले असतील, तर ऑइलमधून कचरा आला. आणि एकच बेअरिंग पार वितळलंय, शेजारची जवळजवळ नव्यासारखी आहेत, तर संशय त्या एकाच ठिकाणच्या दोषावर जातो. तिथली ऑइलची वाट बुजली असेल, माप चुकलं असेल, जुळणीत काही राहिलं असेल. "ऑइल वेळेवर बदललं नाही" हे कारण अशा एकट्या बेअरिंगला सहज लागू होत नाही, कारण तेच ऑइल सगळ्यांना मिळत होतं.

बाकीच्या प्रकारांच्याही खुणा असतात. टायमिंग बेल्ट तुटला किंवा चेन सरकली, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे वण उठतात. पाण्यातून गाडी नेली आणि पाणी सिलिंडरमध्ये गेलं, तर पाणी दाबलं जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी एअर फिल्टरच्या डब्यात ओल किंवा गाळ सापडतो. हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) फुटून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये गेलं, तर ऑइल दुधाळ होतं.

आता प्रत्यक्ष प्रसंग. डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचं लाल चिन्ह आलं, तर तो दाबाचा दिवा आहे हे लक्षात ठेवा. "पुढच्या पंपावर ऑइल टाकू" असं म्हणायला तिथे वाव नसतो. सुरक्षित बाजूला या आणि इंजिन बंद करा. त्यानंतर सेल्फ मारत बसू नका. पाणी शिरलं असेल किंवा बेल्ट तुटला असेल, तर प्रत्येक सेल्फने नुकसान वाढतं. शिवाय "बंद पडल्यावरही चालवायचा प्रयत्न केला" असं लिहायला समोरच्याला जागा मिळते.

मग फोन काढा. इंजिन चालू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि डॅशबोर्डचा व्हिडिओ घ्या. कोणते दिवे आहेत, किलोमीटर किती, तापमानाचा काटा कुठे, सगळं त्यात यायला हवं. इंजिन थोडं निवलं की डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढा, पुसा, पुन्हा घाला आणि पातळीचा फोटो घ्या. ऑइलचा रंगही दिसू दे. गाडीखाली जमिनीवर काही गळलंय का, तेही टिपा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, भाजेल. आणि पातळी कमी दिसली म्हणून घाईने ऑइल ओतू नका. खूप लोक घाबरून हेच करतात. त्या क्षणी इंजिनमध्ये जे होतं, ते तसंच सर्व्हिस सेंटरला पोहोचलं पाहिजे.

[झाकण दाखवत]

ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजूही बघा. तिथे डांबरासारखा काळा, जाड थर असेल, तर ऑइल बराच काळ बदललेलं नाही असं म्हणायला आधार मिळतो. स्वच्छ असेल किंवा हलका तपकिरी रंग चढलेला असेल, तर उलट तुमची बाजू भक्कम होते. दोन्ही वेळा फोटो घ्या.

सर्व्हिस सेंटरला गेल्यावर पहिला कागद म्हणजे जॉब कार्ड. सर्व्हिस अॅडव्हायझर घाईत लिहितो, "इंजिन स्टार्ट होत नाही, चेक करणे." एवढ्यावर सही करू नका. तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा: वेग साधारण किती होता, आवाज आधी आला की दिवा, दिवा लागल्यापासून इंजिन बंद करेपर्यंत किती वेळ गेला. पुढे सगळे याच कागदाकडे बोट दाखवणार आहेत.

नंतर मागा स्कॅन रिपोर्ट. इंजिनच्या कॉम्प्युटरला बिघाड कळतो तेव्हा तो कोडबरोबर त्या क्षणाची परिस्थितीही साठवतो. आरपीएम, कूलंटचं तापमान, गाडीचा वेग, इंजिनवरचा भार. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. "गाडी गरम झाली तरी चालवली" असा आरोप असेल आणि फ्रीझ फ्रेममध्ये तापमान नेहमीचं असेल, तर हा एक कागद खूप काही सांगतो. पण कोड पुसले की फ्रीझ फ्रेमही जाते. म्हणून कोड पुसण्याआधी रिपोर्टची प्रिंट किंवा निदान स्क्रीनचा फोटो घ्या.

आणि मग येते ती सही. "इंजिन खोलावं लागेल, परवानगी द्या." क्लेम मंजूर झाला तर खर्च कंपनीचा, नाही झाला तर खोलाईचे पैसे तुमचे. परवानगी तुम्हाला द्यावीच लागेल, खोलल्याशिवाय कारण कळणार नाही. पण सही करण्याआधी त्याच कागदावर किंवा ईमेलवर तुमच्या अटी येऊ द्यात. खोलताना तुम्ही किंवा तुमचा तज्ज्ञ हजर असेल. भाग धुण्याआधी फोटो घेतले जातील. ऑइल फिल्टर आणि काढलेले भाग निकाल लागेपर्यंत टाकले जाणार नाहीत. आणि ऑइलचे नमुने दोन स्वच्छ बाटल्यांत घेऊन सीलबंद होतील, एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे.

ऑइलच्या नमुन्याला मी एवढं महत्त्व देतो, कारण प्रयोगशाळा त्यातून पुष्कळ काढते. लोखंड, तांबं, अॅल्युमिनियम किती आहे, यावरून कोणता भाग झिजला ते कळतं. सिलिकॉन जास्त असेल, तर एअर फिल्टरमधून धूळ आल्याची शक्यता असते, अर्थात काही सीलंटमधूनही सिलिकॉन येतं. कूलंट किंवा पेट्रोल मिसळलंय का ते समजतं. ऑइल किती जीर्ण झालंय, याचाही अंदाज येतो. निकाल तुमच्या विरुद्धही जाऊ शकतो, हे मनाशी धरून ठेवा. तरीही नमुना घ्या.

फिल्टर त्यांना कापायला सांगा. आतला कागद उलगडला की त्याच्या चुण्यांमध्ये जरीसारखी चमक दिसते. त्यावरून चुंबक फिरवा. चिकटले ते लोखंड-पोलादाचे कण. न चिकटणारे अॅल्युमिनियमचे किंवा बेअरिंगच्या मऊ थराचे.

आता सगळ्यात जास्त वाद ज्यावर होतो तो मुद्दा. अॅडव्हायझर म्हणतो, "ऑइल कमी होतं, म्हणून बेअरिंग गेलं. वॉरंटी नाही." पहिलं वाक्य खरं असू शकतं. पण मग पुढचा प्रश्न विचाराच: ऑइल गेलं कुठे? मागच्या सर्व्हिसला भरलेलं बिलावर आहे. खाली गळती नाही. म्हणजे ते जळालं. का जळालं? पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो यांत दोष असेल, तर मूळ कारण तिथे आहे आणि कमी ऑइल हा त्याचा परिणाम आहे. वॉरंटी मूळ कारणावर ठरायला हवी.

पण दुसरी बाजूही ऐका. काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये १००० किलोमीटरला अर्धा ते एक लिटरपर्यंत ऑइल जळणं स्वीकारार्ह धरलेलं असतं. अनेक छोट्या गाड्यांच्या इंजिनात एकूण ऑइल साधारण चार लिटर असतं आणि सर्व्हिस १०,००० किलोमीटरला असते. हिशोब तुम्हीच करा. म्हणूनच मॅन्युअल सांगतं की मधे डिपस्टिक बघत राहा, आणि तेवढं काम मालकाचं आहे. महिन्यातून एकदा डिपस्टिकचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला, तर "कधी बघितलंच नाही" हा आरोप टिकत नाही. दर वेळी पातळी खाली जाताना दिसली, तर तेव्हाच लेखी तक्रार करा. बिघाडाच्या आधीची लेखी तक्रार फार वजनदार असते.

काही नकार योग्यही असतात. लाल दिव्यावर तशीच गाडी हाकली, गाडी उकळत असताना थांबलोच नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ट्यून करून ताकद वाढवली आणि त्यामुळेच पिस्टन गेला, तर कंपनीला दोष देता येत नाही. सर्व्हिसबाबत एक सापळा आहे: "१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते." कमी फिरणाऱ्या गाडीचं वर्ष उलटून जातं आणि मालकाच्या लक्षातही येत नाही.

बाहेर सर्व्हिस केली म्हणून वॉरंटी आपोआप जाते का? अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार कंपनीला वॉरंटीसाठी स्वतःच्याच ब्रँडच्या भागांची किंवा सर्व्हिसची सक्ती साधारणपणे करता येत नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार विक्रीनंतरच्या पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असं धरलं जातं, तो नव्हता हे विक्रेत्याने दाखवायचं. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर वस्तूचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवायची तरतूद आहे. तुम्ही राहता तिथला नियम बघा. पण बिल सगळीकडे लागतं, आणि बिलावर ऑइलचा ग्रेड लिहिलेला हवा. टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगात अवेळी स्फोट होऊन पिस्टन फुटण्याचा एक प्रकार आहे. त्यापासून संरक्षणाची चाचणी एपीआय (ऑइलचे ग्रेड ठरवणारी अमेरिकन संस्था) च्या एसएन प्लस ग्रेडमध्ये २०१८ साली आली आणि एसपी ग्रेडमध्ये २०२० साली कायम राहिली. मॅन्युअल एसपी मागत असताना बिलावर नुसतं "इंजिन ऑइल" लिहिलं असेल, तर ते बिल तुमच्या फारसं कामाचं नाही.

"आमच्या इंजिनात दोष असूच शकत नाही" असं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर इतिहास आठवा. ह्युंदाईने २०१५ मध्ये अमेरिकेत २०११ आणि २०१२ मॉडेलच्या सोनाटा गाड्या परत बोलावल्या. कारण होतं क्रँकशाफ्ट बनवताना राहिलेले धातूचे कण, जे बेअरिंगकडे जाणारं ऑइल अडवत होते. नंतर त्याच कंपनीचा माजी इंजिनिअर किम ग्वांग-हो याने दिलेल्या माहितीबद्दल अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये त्याला मोठं बक्षीस दिलं. टोयोटाने २०२४ मध्ये सुमारे एक लाख टुंड्रा आणि लेक्सस गाड्या परत बोलावल्या, त्याही इंजिनात राहिलेल्या कणांमुळे. जनरल मोटर्सने २०२५ मध्ये अमेरिकेत ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनाच्या जवळपास सहा लाख गाड्या बोलावल्या. तिथे क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडचे दोष निघाले.

ह्युंदाईच्या प्रकरणात पुढे जो समझोता झाला, त्यात आधी स्वखर्चाने दुरुस्ती केलेल्यांना भरपाई मागता आली. ज्यांच्याकडे कागद होते, त्यांना. म्हणून क्लेम नाकारला गेला आणि तुम्ही पदरचे पैसे भरले, तरी बिल, जुने भाग, फोटो, स्कॅन रिपोर्ट यातलं काही फेकू नका. गाडीचा चासी नंबर कंपनीच्या रिकॉलच्या पानावर टाकून बघा आणि काही महिन्यांनी पुन्हा बघा.

नकार तोंडी घेऊ नका. लेखी मागा, आणि त्यात वॉरंटीचं कोणतं कलम, कोणतं कारण आणि ते कारण कशावरून ठरवलं, हे तीन खुलासे हवेत. मग तो कागद घेऊन कंपनीच्या विभागीय कार्यालयात वर जा. डीलरशी हुज्जत घालण्यात शक्ती घालवू नका, अंतिम मंजुरी बहुधा त्याच्या हातात नसतेच. तिथेही जमलं नाही, तर स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअरचा अहवाल घ्या आणि ग्राहक आयोगाकडे (पूर्वीचा ग्राहक मंच) जा.

आणि क्लेम मंजूर झाला, तर एक प्रश्न विसरू नका. बेअरिंग गेलेल्या इंजिनाचे कण ऑइल कूलरमध्ये, टर्बोच्या नळ्यांमध्ये जाऊन बसतात. नवीन इंजिन बसवलं आणि कूलर जुनाच ठेवला, तर तेच कण नव्या बेअरिंगमध्ये येऊ शकतात. कूलर बदलला का, नळ्या साफ केल्या का, आणि नव्या इंजिनाची वॉरंटी आजपासून धरली की जुन्याचीच उरलेली, हे बिलावर लिहून घ्या आणि मगच गाडी ताब्यात घ्या.